लोकसहभाग नावाची पळवाट

कवितेतल्या एखाद्या अव्ययावर तासभर बोलणारे आम्ही मराठीचे अध्यापक शासन निर्णयांच्या मराठीकडे मात्र नाक मुरडून पाहतो. ती कृत्रिम आहे, संस्कृतप्रचुर आहे, इंग्रजीच्या सावलीत वाढलेली आहे, असे म्हटले की आमचे काम संपते. ती मराठी प्रत्यक्षात काय करते, कुणाच्या ताटात काय वाढते आणि कुणाच्या ताटातून काय उचलून नेते, हे पाहणे आम्ही आमच्या कक्षेबाहेरचे मानत आलो. हा आळस आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका सरकारी शब्दाचा पाठपुरावा करणार आहोत. शब्द आहे 'लोकसहभाग', आणि त्याचे कार्यक्षेत्र आहे जिल्हा परिषदेच्या शाळेतली दुपारची पंगत.

घटना सर्वांना ठाऊक असेल, तरी नोंदवून ठेवू. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांच्यासाठी केळे होते. जानेवारी २०२५ मध्ये पाककृतींची यादी सुधारण्यात आली. तीत अंडा पुलाव आणि खीर-नाचणीसत्त्वासारखे गोड पदार्थ पर्यायी ठरले. त्यांना लागणाऱ्या अंड्यांसाठी व साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळा व्यवस्थापन समितीला हे पदार्थ द्यायचेच असतील तर तिने लोकसहभागातून तरतूद करावी, असा त्या निर्णयाचा आशय होता. म्हणजे कुणी अंडे बंद केले नाही. बंदीचा आदेश निघाला असता तर त्यावर मोर्चा काढता आला असता, विधिमंडळात प्रश्न विचारता आला असता. इथे फक्त अंड्याचा मालक बदलला. काल ते शासनाचे देणे होते, आज ते गावाच्या औदार्यावर सोपवले गेले. आणि गावाने ते दिले नाही तर दोष अर्थातच गावाचा.

हिशेब मांडून पाहू. शंभर मुलांची शाळा, आठवड्याला एक अंडे, आणि २०२३ साली शासनानेच धरलेला अंड्यामागे पाच रुपयांचा दर. आठवड्याला पाचशे, महिन्याला दोन हजार रुपये. बाजारपेठेच्या गावात एखादा व्यापारी, एखादा बागायतदार हसत ही रक्कम देईल. पण अशा गावातले मूल बहुधा घरीही अंडे खाते. याउलट बीड किंवा पाथर्डीच्या बाजूच्या एखाद्या गावाचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास निम्मे गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, मागे म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरे उरतात. तिथे कोणते लोक आणि कसला सहभाग? जिथे गरज सर्वांत मोठी तिथे वर्गणी सर्वांत लहान, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली होती. हीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.

यावर आमचे काही सहकारी कर्मवीरांचे नाव घेतात. महाराष्ट्रातले शिक्षण लोकांच्या मूठमूठ धान्यावरच उभे राहिले, मग आजच लोकांनी हात का आखडावा, असा त्यांचा सवाल असतो. हा युक्तिवाद भावनेला हात घालणारा असल्यामुळे त्याला नीट उत्तर द्यायला हवे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकिगत आपण पाठ्यपुस्तकांतून शिकवतो. पण त्या काळी शासन परके होते आणि रयतेच्या मुलाला जेवू घालण्याची कोणतीही कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर नव्हती. लक्ष्मीबाईंचा त्याग हा त्या नसलेल्या शासनाची जागा भरण्यासाठी होता. आज शासन आपले आहे, कायदा आहे, आणि ऊसतोड कामगारसुद्धा काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरतो. त्याच्याकडे दुसऱ्यांदा हात पसरताना कर्मवीरांचा दाखला देणे म्हणजे इतिहासाची उसनवारी आहे.

त्या वसतिगृहाची दुसरी बाजू तर या चर्चेत येतच नाही. त्याआधीच्या पिढीत राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली ती बहुतांशी जातवार होती. त्या काळात तेवढेच फार मोठे पाऊल होते. भाऊरावांनी सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली, एका स्वयंपाकाला बसवली. त्यांच्या लेखी लोकसहभाग म्हणजे लोकांनी धान्य द्यावे एवढेच नव्हते; लोकांनी आपले मूल कुणाशेजारी जेवते याची लाज सोडावी, हेही त्यात होते. शासन निर्णयातल्या लोकसहभागात पहिला अर्धा भाग ठेवला आहे, दुसरा गाळला आहे.

मुळात हे जेवण हक्क कसे झाले, याची आठवण आमच्या विद्यार्थ्यांना क्वचितच असते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळतच नव्हते. महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत, तेही ऐंशी टक्के हजेरी भरली तर. २००१ साली राजस्थानात दुष्काळाने माणसे मरत असताना सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती. या विसंगतीवर लोक स्वातंत्र्य संघटनेने, म्हणजे पीयूसीएलने, सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्यावर २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश झाला : प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेले जेवण, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातले किमान दोनशे दिवस. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या आदेशाला कायद्याचे रूप दिले, आणि २०१५ च्या नियमांनी एखाद्या दिवशी जेवण दिले नाही तर भत्ता देण्याची तरतूद केली. २०२१ मध्ये योजनेचे नाव बदलून पीएम पोषण झाले. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी तिचे माप असे : १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने.

आता या मापाची किंमत. धान्य केंद्राकडून वेगळे येते. डाळ, भाजी, तेल, मीठमसाला, इंधन या सगळ्यांसाठी १ मे २०२५ पासून लागू झालेला दर पाचवीपर्यंतच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे इतका होता. त्याआधी काही महिने तो अनुक्रमे ६ रुपये १९ पैसे व ९ रुपये २९ पैसे होता. प्राध्यापक कक्षात येणारा अर्धा कप चहा यापेक्षा महाग पडतो. या रकमेत वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी आणि चुलीखालचे जळण बसवून दाखवणाऱ्या मुख्याध्यापकाला आम्ही अर्थसंकल्पावरच्या व्याख्यानाला बोलावू इच्छितो.

आणि हे शिजवते कोण? 'स्वयंपाकी तथा मदतनीस' असे तिचे अधिकृत नाव. तिला मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. केंद्राने २००९ साली महिना एक हजार रुपये ठरवले, तेही वर्षातले दहा महिने, आणि त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली तरी कितीतरी वर्षे केंद्राचा आकडा हलला नाही. जी काही वाढ झाली ती राज्याराज्यांनी आपल्या पदरची घातलेली. मानधन या शब्दाची करामत अशी की त्यात मान पुढे ठेवून धन मागे घेता येते. वेतन म्हटले की किमान वेतनाचा प्रश्न येतो, रजेचा येतो, भविष्यनिर्वाहाचा येतो. मानधन म्हटले की बाई समाजसेविका ठरते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना या शब्दाचा चटका वेगळा सांगायला नको. त्यांनी तरी या बाईच्या बाजूने बोलावे, अशी आमची माफक अपेक्षा आहे.

पण शिक्षकवर्गात ऐकू येते ते वेगळेच. 'आम्ही शिकवायचे की खिचडी शिजवायची?' या तक्रारीत तथ्य आहेच. तांदळाचा साठा, रोजची पटसंख्या, भाजीपाल्याच्या पावत्या, चवीची नोंदवही, वर ऑनलाइन माहिती. दोन शिक्षकी शाळेत एक माणूस यातच गुंतून पडतो. मात्र त्यावर मागणी हवी ती स्वतंत्र माणसाची. प्रत्यक्षात राग निघतो तो खिचडीवर आणि खिचडी खाणाऱ्यावर. 'शिकायला येतात की खायला?' हे वाक्य आम्ही शिक्षणाविषयी आस्था असणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. 'खिचडीची शाळा' हा शब्दप्रयोग आता हिणवण्यासाठी सर्रास वापरला जातो. आजारी माणसाचे पथ्य, दमलेल्या घराचे रात्रीचे जेवण असलेला हा साधा पदार्थ शाळेच्या आवारात शिरताच हलका कसा झाला? तो कुणाची मुले खातात, याच्याशी त्या हलकेपणाचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

आमच्या पदवीच्या वर्गांत गेली काही वर्षे येणारी खेड्यातली मुले ही याच जेवणावर वाढलेली पिढी आहे. 'माझी शाळा' या विषयावर त्यांच्याकडून लिहून घेतले तर त्यात झाडे येतात, सहल येते, मारकुटे गुरुजी येतात. ताट येत नाही. ते वगळायचे असते हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. इथे शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. शाळेची सहल, सवर्ण मुलांची वेगळी बैठक, उरलेले अन्न दलित मुलांच्या वाट्याला येणे, आणि नंतर गुरुजींनी त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगणे. १९८४ साली प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन आपण अभ्यासक्रमाला लावतो, त्यातल्या भुकेचे 'सौंदर्यशास्त्र' शोधतो, त्यावर प्रबंध लिहवून घेतो. आणि त्याच वेळी कोपऱ्यावरच्या प्राथमिक शाळेत आज काय शिजले, हे विचारायला कुणी जात नाही. भूक पुस्तकात असली की ती वाङ्मय होते, पातेल्यात असली की प्रशासन. ही विभागणी आम्हांस मान्य नाही.

'खायला येतात' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवू. २०२१ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात भारतातल्या या योजनेवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी ज्या मुलींना शाळेतल्या जेवणाचा लाभ मिळाला, त्या पुढे आई झाल्यावर त्यांची मुले कमी प्रमाणात खुजी राहिली, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे आज वाढलेल्या ताटाचा हिशेब वीस वर्षांनी, दुसऱ्याच मुलाच्या उंचीत लागतो. वार्षिक अहवालात हे बसणार नाही.

तर मग लोकसहभाग नकोच का? हवा आहे, फार हवा आहे, पण खिशाचा नव्हे, अधिकाराचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील एकविसाव्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. कागदावर ही समिती केवढी क्रांतिकारक आहे! प्रत्यक्षात तिच्याकडे ठरावाची वही सहीसाठी जाते. पुरवठादाराने आणलेली डाळ किडकी असेल तर ती परत पाठवण्याचा निर्णायक अधिकार समितीतल्या आईला आहे काय? तिच्या सहीशिवाय पुरवठादाराचे बिल अडते काय? अडत नसेल तर तिचा सहभाग शोभेचा आहे. एका शाळेत चवीच्या नोंदवहीत शुक्रवारपर्यंतच्या सह्या सोमवारीच झालेल्या आम्ही पाहिल्या. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात कीटकनाशक मिसळलेल्या तेलातले जेवण खाऊन तेवीस मुले दगावली.

ब्राझीलने २००९ साली केलेला कायदा या संदर्भात पाहण्यासारखा आहे. शाळांच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांपैकी किमान ३० टक्के रकमेचा माल छोट्या कुटुंब-शेतकऱ्यांकडून घ्यावा, असे त्या कायद्याने बंधनकारक केले. शिवाय प्रत्येक नगरपालिकेत पालक, शिक्षक आणि नागरिकांची शालेय आहार परिषद असते, आणि तिने हिशेबाला मान्यता दिली नाही तर पैसे थांबू शकतात. याला सहभाग म्हणतात. आपल्याकडे सोलापूरच्या ज्वारीच्या पट्ट्यातले मूल दूरच्या राज्यातून गोदामामार्गे आलेला तांदूळ खाते आणि त्याच्या बापाची ज्वारी भावाअभावी पोत्यात राहते. मराठीत पोटाच्या प्रश्नाला आपण भाकरीचा प्रश्न म्हणतो; शाळेच्या ताटात मात्र भाकरी नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे झाली, आणि २०२५ मध्ये नाचणीसत्त्व पर्यायी ठरले. भाकऱ्या थापायला मनुष्यबळ जास्त लागते हे खरे. म्हणूनच तर थापणाऱ्या बाईला मानधन नको, पगार हवा.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. 'लोक' हा शब्द उच्चारताना आमच्यासारख्यांचा स्वर थोडा हळवा होतो. गाव म्हणजे निर्मळ समुदाय नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले ते उगीच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका शाळेतल्या सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे खाण्यास नकार दिला आणि तिला कामावरून दूर करण्यात आले. गाजावाजा झाल्यावर पुन्हा घेतले. तोही एका अर्थी लोकसहभागच होता! वर्गणी देणारा उद्या स्वयंपाकीण कोण असावी, अंडे असावे की नसावे, कांदा-लसूण चालेल की नाही, हे ठरवू लागेल. पैसे त्याचे, मग शब्दही त्याचा. वाढदिवसानिमित्त, पुण्यतिथीनिमित्त शाळेत स्नेहभोजन घालणाऱ्यांच्या भावनेचा आम्ही अनादर करत नाही. पण दात्याचे नाव फळ्यावर लिहून आभाराची टाळी वाजवल्यावर जेवणारे मूल त्या दुपारी नागरिक राहत नाही, याचकाच्या जागी जाते. मूलभूत खर्च संपूर्णपणे शासनाचा आणि देखरेख संपूर्णपणे लोकांची, अशीच मांडणी हवी. आज ती बरोबर उलटी आहे.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी तमिळनाडूकडे पाहावे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर कामराजांच्या कारकिर्दीत तिथली शाळांमधली जेवणे मोठ्या अंशी स्थानिक देणग्यांच्या आधाराने सुरू झाली. म्हणजे लोकवर्गणीच. पण पुढचे प्रत्येक पाऊल वर्गणीकडून तिजोरीकडे गेले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी योजना राज्यभर विस्तारली तेव्हा 'एवढा पैसा कुठून आणणार' असे विचारणारे कमी नव्हते. १९८९ मध्ये ताटात अंडे आले, आधी पंधरवड्याला एक. पुढे त्यांची संख्या वाढत गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये सकाळची न्याहारीही सुरू झाली. पक्ष बदलले, परस्परांचे हाडवैर राहिले, पण अंडे परत घेण्याची कुणाची छाती झाली नाही, कारण तिथल्या मतदाराने ते अंडे आपले मानले आहे. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने २०२५ मध्ये हाच प्रवास तिजोरीकडून वर्गणीकडे केला.

उरतो प्रश्न आपण काय करायचे हा. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात जातेच. झाडू मारून, प्रभातफेरी काढून ते परत येते. त्यातली एक दुपार शाळेच्या पंगतीत घालवावी, वजनकाटा न्यावा, समितीतल्या आयांशी बोलावे आणि आढळले ते त्यांच्या उपस्थितीत ग्रामसभेत वाचून दाखवावे. दुसरे काम थेट मराठी विभागाचे आहे. व्यावहारिक मराठीच्या पेपरात आपण सूचनाफलक लिहायला शिकवतो. गणेशोत्सवाची सभा आणि हरवलेले पाकीट यापलीकडे ते फलक जात नाहीत. या वर्षी प्रात्यक्षिकाला पुढील मजकूर द्यावा आणि विद्यार्थ्यांनी तो आपापल्या गावच्या शाळेच्या भिंतीवर, अंगणातून बाईमाणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवावा : 'पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. आज शिजले किती, हे कोणीही केव्हाही आत येऊन पाहावे. त्यासाठी वर्गणी द्यावी लागत नाही.' शेवटच्या वाक्याला मुख्याध्यापकांची हरकत येईल. ती लेखी मागावी.